पहिली मोटारसायकल

बारावी झाली की आपली मुले पुण्याला निघतात आणि पहिला हट्ट मोटारसायकलचा. इथेच वाढलेल्या माझ्या पुतण्याला ३५० सीसी हवी होती. आम्ही १२५ घेऊन दिली. बसल्यावर दोन्ही पावले जमिनीला टेकतात, एवढे पाहिले. १२५ च्या वर २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. जुनी घेताना तपासा. पण एक गोष्ट विसरलो. सौदीत वाहने उजवीकडून, तिकडे डावीकडून! पहिल्याच वळणावर स्वारी उजवीकडे शिरली. समोरच्या टेम्पोने ब्रेक मारला म्हणून वाचला. शिकाऊ लायसन्सनंतर पक्के मिळायला ३० दिवस लागतात. ते दिवस सराव करू द्या, आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट घालूनच. पैसे इथून पाठवताना ही अटही पाठवा.