चोरीला गेला, कागदावर ‘गहाळ’

दादरची सकाळ. लोकल लागते, दाराशी रेटारेटी होते आणि शर्टाच्या वरच्या खिशावरून एक हात फिरून जातो. आत शिरलेला गडी छाती चाचपतो, तोवर गाडी सुटलेली असते. संध्याकाळी तो चौकीत जातो. पहिला प्रश्न : ‘‘फोन कुठं पडला?’’ पडला नाही साहेब, मारला. ‘‘मारताना बघितलंत?’’ त्या गर्दीत काय बघणार! मग अर्जावर शब्द उमटतो – ‘गहाळ’.

या तीन अक्षरांत बरंच काही मिटतं. गहाळ म्हणजे गुन्हा नाही, म्हणजे तपासही नाही, आणि ठाण्याच्या हद्दीतला चोऱ्यांचा आकडा जिथल्या तिथे राहतो. तक्रारदारही घाईत असतो. त्याला कंपनीच्या गॅलरीत जाऊन जुन्याच नंबरचं सिम घ्यायचं असतं आणि त्यासाठी शिक्क्याचा कागद हवा असतो. चोराला आणखी काय हवं?

कायदा इतका मोघम नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ मध्ये वस्तू हिसकावून नेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कळवा-मुंब्र्यासारख्या पट्ट्यात रुळांलगत उभं राहून दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठी हाणणारी ‘फटका’ टोळी मुंबईकरांना नवी नाही. त्या फटक्यानं तोल जाऊन माणसांनी हातपाय गमावलेत. तोही फोन ‘पडला’च म्हणायचा का? ‘आमची हद्द नाही’ हेही आता चालत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते आणि तिथे नोंद नाकारली तर लेखी तक्रार थेट पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमात हे लिहिलेलं आहे.

हॅण्डसेट निकामी करण्याची सरकारी सोय चांगली आहे, आणि तिची सुरुवात मुंबईतच झाली, सप्टेंबर २०१९ मध्ये. मे २०२३ पासून ‘संचार साथी’वर ती देशभर खुली आहे. तक्रारीची प्रत जोडून आयएमईआय क्रमांक बंद केला की त्या फोनला देशातलं कुठलंच नेटवर्क मिळत नाही. कुणी त्यात सिम घातलं तर माग पोलिसांपर्यंत पोहोचतो. यासाठी ‘गहाळ’चा कागदही चालतो, हे खरं. पण फोन सुटा करून स्क्रीन, कॅमेरा वेगळे विकले किंवा माल सीमेपार गेला, तर ही सोय काय करणार? तिथे टोळीच गाठावी लागते, आणि त्यासाठी आधी गुन्हा दाखल व्हावा लागतो.

दरम्यान खरा धोका चिमुकल्या सिमचा. चोर ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे यायला लागतात. स्क्रीनला चार-चार कुलपं लावणारे सिमला पिन लावत नाहीत. ही सोय सेटिंगमध्ये वर्षानुवर्षं पडून आहे. म्हणून फोन गेल्यावर आधी सिम बंद करावं, बँकेला कळवावं, मग चौकी. पैसे गेलेच असतील तर १९३० हा नंबर.

चौकीत आयएमईआय विचारतात. पंधरा आकडी. *#०६# दाबलं की दिसतो, पण आता दाबणार कशावर? फोनच्या खोक्यावरही तो छापलेला असतो, आणि ते खोकं दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे गेलेलं असतं.