ओळख हत्यारांची : राउटर

घरी फर्निचरचं काम निघालं, की सुतारकाकांच्या हातात एक घोंघावणारं यंत्र दिसतं. फळीची कड गोल करणारं, खाच पाडणारं. हाच राउटर! त्याचं छोटं पातं, म्हणजे बिट, मिनिटाला १० ते ३० हजार फेरे घेतं. म्हणून ते चालवायचं मोठ्यांनीच. तुम्ही लांबून बघायचं, पण नीट बघायचं!

खरी मेख आहे दिशेत. वरून पाहिलं, तर बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं. फळी समोर असली, की त्याचे दाते लाकडाला उजवीकडे रेटतात आणि यंत्र डावीकडे पळू बघतं. म्हणून कारागीर ते डावीकडून उजवीकडे नेतो. यंत्र ताब्यात राहतं, कड साफ येते. उलट नेलं, तर बिट चाकासारखं लाकडावरून धावतं आणि यंत्र हातून निसटू शकतं.

आणखी काय बघाल? बिट बदलताना प्लग काढलेला हवा. फळी शिकंज्यात घट्ट हवी. खोल खाच एकदम नाही, दर खेपेला तीनेक मिलिमीटरच. डोळ्यांवर गॉगल, कानांवर संरक्षण, सैल बाही नको. बटण बंद केल्यावरही बिट क्षणभर फिरतंच. ते थांबल्याशिवाय यंत्र खाली ठेवायचं नाही.

आता एक कोडं. फळीच्या चारही बाहेरच्या कडा गोल करायच्या, तर राउटर कसा फिरेल? टेबलावर वही ठेवून बोटाने करून पाहा. घड्याळाच्या उलट! आणि मधल्या भोकाच्या आतून? विचार करा, मग सुतारकाकांना विचारा.