आधी त्याचं म्हणणं तर ऐका!

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत बांगलादेशी पकडल्याची बातमी आली की मेसमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "यांना वकील कशाला? सरळ गाडीत बसवा आणि पाठवून द्या!" मित्रांनो, माझं मत नेमकं उलटं आहे. अशा माणसाला वकील हवाच, आणि तो आपल्या स्वार्थासाठीसुद्धा हवा.

हे वकील करतात तरी काय? परदेशी माणसाला इथेच ठेवा, असा हट्ट धरणं हे त्यांचं काम नव्हे. पकडलेला खरंच परदेशी आहे का, कायद्याची पद्धत पाळली का, परत पाठवलं तर त्याच्या जिवाला धोका आहे का, एवढं ते कोर्टापुढे मांडतात. काम सोपं नाही. चोरीच्या केसमध्ये गुन्हा पोलिसांनी सिद्ध करायचा असतो. इथे मात्र "मी परदेशी नाही" हे पकडलेल्यानेच सिद्ध करायचं! १९४६ च्या कायद्यात असंच होतं आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही तसंच आहे.

"आपल्याकडे आधार कार्ड आहे, आपल्याला काय त्याचं?" असं वाटतंय ना? ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्यातल्याच एका प्रकरणात जामीन नाकारताना सांगितलं, की नुसतं आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असलं म्हणून कोणी नागरिक ठरत नाही. नागरिकत्व ठरतं १९५५ च्या कायद्याने. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्यांचे आई-वडील दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. आपली अख्खी फर्स्ट इयर यात येते! आपल्या घरी कपाटात फाइल असते. पण साइटवर विटा वाहणाऱ्याने आई-बापाचे कागद आणायचे कुठून?

चूक झाली तर काय होतं, तेही बघा. जून २०२५ मध्ये मीरा रोडला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात राहणाऱ्या पश्चिम बंगालच्या एका कामगाराला बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकललं गेलं. नंतर त्याला परत आणावं लागलं. आधी ऐकून घेतलं असतं तर?

आता दुसऱ्या बाजूने विचार करा. २०१७ मध्ये पाकिस्तानच्या लष्करी कोर्टाने कुलभूषण जाधवांना फाशी सुनावली. आपल्या अधिकाऱ्यांना त्यांना भेटूही दिलं नव्हतं. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. नागपूरचे हरीश साळवे एक रुपया फी घेऊन उभे राहिले. त्यांचा मुख्य आधार होता १९६३ चा व्हिएन्ना करार, कलम ३६: परदेशात अटक झालेल्याला त्याचा हा हक्क सांगा, त्याने मागणी केली तर त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवा आणि त्यांना भेटू द्या. १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ मतांनी निकाल आपल्या बाजूने लागला. सुटका नाही मिळाली, पण फाशी थांबली आणि शिक्षेचा फेरविचार करा असा आदेश झाला. त्या दिवशी आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तोच न्याय आपल्या दारात नको कसा?

म्हणजे घुसखोरी खपवून घ्यायची का? अजिबात नाही. सीमा सांभाळणं सरकारचं कामच आहे. परदेशी असल्याचं ठरलं तर पाठवा परत. पण आधी ठरू तर द्या! घटनेच्या कलम २१ मधलं जीविताचं संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच, चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सांगितलंय.

असो. उद्या आपल्यातलं कोणी एमएसला जाईल, कोणी गल्फमध्ये साइटवर. तिथे पोलिसांनी पकडलंच, तर घाबरू नका, शांतपणे म्हणा, "माझ्या वकिलातीला कळवा." तो तुमचा हक्क आहे. आणि इथे कोणी तेच म्हणत असेल, तर निदान त्याला हसू नका.