अम्मीचे गुडघे आणि मेहरच्या पाटल्या

या रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात अम्मीने स्वतःच्या हाताने खुर्ची ओढली आणि जानमाजशेजारी ठेवली. दोन वर्षे आम्ही सांगत होतो, पण ती ऐकत नव्हती. त्या रात्री तरावीहच्या चौथ्या रकातीला सजद्यातून उठताना तिला भिंत धरावी लागली, आणि सलाम फेरल्यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही.

ही बातमी कुवेतला मामूंपर्यंत गेली. दुसऱ्याच दिवशी त्यांचा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला : ‘स्टेम सेल इंजेक्शन, ऑपरेशनशिवाय गुडघे पूर्ववत.’ पुण्यातले एक क्लिनिक. आम्ही फोन लावला. दोन्ही गुडघ्यांचे मिळून दोन लाख चाळीस हजार, आणि आठवड्याभरात नाव नोंदवले तर सवलत. आमच्यासारख्या शिक्षकाच्या घरात ही रक्कम कपाटात पडलेली नसते. अम्मीने मात्र संध्याकाळी रुमालात बांधलेल्या पाटल्या आणून समोर ठेवल्या. अब्बांनी निकाहात मेहर म्हणून दिलेल्या. “मेरेकू बस जमीन पे सजदा करनाय, बेटा,” एवढेच म्हणाली.

मेहर तिचा. तो कशावर खर्च करायचा हे सांगण्याचा हक्क आम्हाला नाही. पण ती काय विकत घेणार आहे ते तिला नीट कळावे, ही जबाबदारी आमचीच होती. आम्ही भाषा शिकवणारी माणसे. म्हणून शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मधल्या सुट्टीत गाठले आणि पुढचे दोन आठवडे हाच अभ्यास केला.

गुडघ्यात दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती झिजली की हाताच्या जखमेसारखी आपोआप भरून येत नाही. स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, या शरीरात इतर पेशी तयार करू शकणाऱ्या पेशी. त्या सांध्यात टोचल्या की नवी कूर्चा उगवेल, अशी कल्पना. ऐकायला सरळ वाटते. प्रत्यक्षात टोचलेल्या पेशी सांध्यात फार काळ टिकत नाहीत. काही उपयोग होत असेलच, तर तो सूज शांत करण्यातून होत असावा, असे आता बरेच संशोधक मानतात. झिजलेली कूर्चा पूर्ववत झाली, असे खात्रीने कोणी दाखवलेले नाही.

अमेरिकेत 475 रुग्णांवर झालेली एक मोठी चाचणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना स्वतःच्या अस्थिमज्जेतल्या पेशी दिल्या, काहींना स्वतःच्या चरबीतल्या, काहींना नाळेतल्या, आणि काहींना नेहमीचे साधे स्टिरॉइडचे इंजेक्शन. वर्षानंतर दुखण्याची तुलना केली, तेव्हा तिन्ही प्रकारच्या पेशींपैकी एकही स्टिरॉइडपेक्षा सरस ठरली नाही. सरांनी हे वाचून दाखवले तेव्हा आम्हाला पाटल्यांची आठवण झाली.

पण सगळेच थोतांड म्हणून मोकळे होणेही बरोबर नाही. आपल्याकडे आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे काही आजार सोडले तर मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीतच करायचा आहे. मात्र 2022 मध्ये बंगळुरूच्या एका कंपनीच्या इंजेक्शनला औषध महानियंत्रकांनी गुडघ्यांसाठी परवानगी दिली. त्यात निरोगी दात्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या असतात. कंपनीच्या चाचणीत दुखणे कमी झाल्याचे दिसले. परवानगी आहे ती दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या झिजेसाठी.

मग आम्ही क्लिनिकला पुन्हा फोन केला. पेशी कुठल्या? “पेशंटच्याच पोटाच्या चरबीतल्या.” परवानगी कुणाची? “सगळं लीगल आहे, काळजी करू नका.” चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडियामध्ये नोंद असते, ती कुणालाही पाहता येते; तिचा क्रमांक द्याल का? फोन दुसऱ्या कुणाकडे गेला आणि मग कटला. सगळ्यात खटकले ते हे, की तीन वेळा बोलणे झाले, पण अम्मीचा एक्स-रे पाठवा असे कुणीही म्हटले नाही. टप्पा कोणता हेच माहीत नसताना भाव मात्र तयार! (याच क्लिनिकने पीआरपीलाही आम्हाला ‘स्टेम सेलच’ सांगितले होते. पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचे इंजेक्शन. त्याचा मूलपेशींशी संबंध नाही.)

शेवटी मिरजेला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. उभे राहून एक्स-रे काढला. उजवा गुडघा चौथ्या टप्प्यात, हाडाला हाड लागलेले. डावा तिसऱ्यात. म्हणजे जास्त दुखणारा गुडघा परवानगी असलेल्या इंजेक्शनच्याही बाहेर. डाव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, घ्यायचेच असेल तर तेच घ्या, पण आधी तीन महिने व्यायाम करून पाहा. मांडीचा स्नायू बळकट झाला की सांध्याला आधार मिळतो, आणि एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. उजव्यासाठी सांधेबदल. 2017 मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा 54,720 रुपये ठरले होते. दवाखान्याचा खर्च वेगळा.

अम्मीने एकच प्रश्न विचारला. ऑपरेशननंतर जमिनीवर सजदा करता येईल का? डॉक्टरांनी आढेवेढे घेतले नाहीत. चालणे सुधारेल, रात्रीचे दुखणे जाईल, जिने चढाल. पण अत्तहिय्यातला बसण्याइतका गुडघा बहुधा वाकणार नाही, खुर्ची राहील. आम्हाला वाटले आता ती ‘नको’ म्हणेल. एस. टी. स्टँडपर्यंत ती गप्प होती. आम्ही हजरत इम्रान बिन हुसैन यांच्या हदीसची आठवण काढली, उभे राहणे जमत नसेल तर बसून नमाज पढण्याची मुभा देणारी. तर म्हणाली, “ते मला माहीत आहे. मीच तुम्हाला शिकवलंय.” आणि मग, “खुर्चीवर बसून का होईना, मशिदीपासून बाजारापर्यंत चालत गेले तर तुझ्या अब्बांच्या कबरीपर्यंतही जाता येईल.” कब्रस्तानच्या फाटकाशी थांबून दुरूनच फातिहा पढते, याची खंत तिने पहिल्यांदाच बोलून दाखवली.

पाटल्या पुन्हा रुमालात गेल्या आहेत. असरनंतर अम्मी पलंगावर पाय पसरून बसते, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवते, ती खाली दाबून पाचपर्यंत मोजते आणि सोडते. दहा वेळा उजवा, दहा वेळा डावा. धाकटी नात शेजारी बसून मोजते आणि मध्येच दोन आकडे गाळते, तेव्हा अम्मी तिला पकडते. ऑपरेशनचे बकरी ईदनंतर ठरवू, असे म्हणाली आहे. मामूंना हे सगळे कोण सांगणार, यावर मात्र घरात अजून एकमत झालेले नाही.