पहिलेपणाची मिरास

बाजारात प्रथम पाऊल टाकणाऱ्या उद्योगाचे प्रारंभीचे प्रभुत्व ही त्याच्या दीर्घायुष्याची हमी होय, असा समज उद्योजकांत व नियोजनकारांतही दृढमूल झालेला आढळतो. ‘नवे तंत्र शोधील तो तरेल’ हे सूत्र त्याला उत्तर म्हणून सांगितले जाते. घड्याळ-उद्योगाचा इतिहास पाहता ही दोन्ही विधाने अपुरी ठरतात.

मनगटी क्वार्ट्झ घड्याळाचे नमुने स्वित्झर्लंडमधील नॉशातेल येथील संशोधन केंद्रात १९६७ सालीच तयार झाले होते. तथापि असे घड्याळ डिसेंबर १९६९ मध्ये प्रथम विक्रीस आणले ते जपानच्या सेको कंपनीने. चाके, कमानी व दातऱ्या यांच्या सूक्ष्म कारागिरीवर स्विस धंद्याची पिढ्यान्‌पिढ्यांची पत उभी होती. बॅटरी, स्फटिक व विद्युत्‌मंडल यांवर चालणारे नवे घड्याळ अधिक अचूक होते आणि लवकरच स्वस्तही झाले. त्याचा पुरस्कार करणे म्हणजे आपल्याच यंत्रांचे व कौशल्याचे मोल उतरविणे होते. मालक कचरले. १९७० च्या सुमारास या धंद्यात सुमारे ९०,००० लोक होते. पुढील पंधरा-सोळा वर्षांत त्यांची संख्या जवळजवळ एक तृतीयांशावर आली. १९८३ साली ‘स्वॉच’ हे स्वस्त क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणल्यानंतरच हा धंदा सावरू लागला.

भारतातील अनुभवही याहून फारसा निराळा नाही. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगलोर येथे सुरू झालेल्या एच. एम. टी.च्या घड्याळ कारखान्याने देशाला वेळ पाहावयास शिकविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलापासून लग्नातील जावयापर्यंत सर्वांसाठी हेच घड्याळ घेतले जाई. क्वार्ट्झ घड्याळ भारतात बनविण्यातही हीच कंपनी अग्रेसर होती; १९८१ मध्ये तिने ते बाजारात आणले. परंतु तिचा मुख्य भर चावीच्या घड्याळांवरच राहिला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या टायटनने १९८७ पासून क्वार्ट्झलाच आपला पाया मानले. घड्याळाचे रूप, दुकानाची मांडणी आणि जाहिरात यांकडेही तितकेच लक्ष पुरविले. जानेवारी २०१६ मध्ये एच. एम. टी.चा घड्याळ-व्यवसाय बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली.

हा सरकारी मालकीचा दोष होय, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो. नेमणुकांपासून गुंतवणुकीपर्यंत मंत्रालयाकडे पाहावे लागे, ही अडचण खरीच. परंतु स्विस कारखाने खासगी होते. आणि टायटनच्या स्थापनेत टाटांबरोबर तामिळनाडू सरकारचे औद्योगिक विकास महामंडळ सहभागी होते. तेव्हा मालकीचा प्रश्न दुय्यम ठरतो. ज्या उत्पादनातून आज नफा मिळतो त्याच्याच मापाने उद्याच्या उत्पादनाची किंमत ठरविणे, हे खरे दुखणे. मागणी आयात-निर्बंधांनी सुरक्षित केलेली असेल, तर हे दुखणे लक्षातही येत नाही. कारण ग्राहकाला नाराजी दाखविण्यास दुसरे दुकानच उरत नाही.

या इतिहासाचे प्रयोजन आजही संपलेले नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नवजात उद्योगाला आधार देणे अर्थशास्त्राला अमान्य नाही. मात्र त्या आधाराची मुदत आरंभीच ठरलेली असावी, आणि परदेशी बाजारात माल खपविण्याची कसोटी त्याला जोडलेली असावी. अन्यथा साहाय्याची मिरास होते. मिरासदाराच्या आळसाची किंमत मात्र त्याला स्वतःला क्वचितच मोजावी लागते. ती मोजतो करदाता, आणि ऐन उमेदीत शिकलेले कसब पन्नाशीत निरुपयोगी ठरलेला कामगार.