‘बरा झाला’ हे कोणी ठरवायचे?

जिना चढल्यावर दोन दिवस अंथरूण सोडता येत नाही, याला आळस म्हणून चालणार नाही. मायॅल्जिक एन्सेफलोमायलायटिस, म्हणजे ‘एमई’, या दीर्घ आजाराची ती ओळख आहे. थोड्या श्रमानेही त्रास उसळतो, तोही पुष्कळदा दुसऱ्या दिवशी.

अशा रुग्णांचा व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवला तर गुण येतो, असे ब्रिटनमधल्या ‘पेस’ चाचणीने २०११ मध्ये ‘द लान्सेट’मधून सांगितले. रुग्ण होते ६४१. व्यायाम किंवा वर्तनोपचार घेतलेले २२ टक्के रुग्ण बरे झाले, असा दावा २०१३ मध्ये आला. सुमारे ५० लाख पौंडांच्या या चाचणीत अपंगांचे भत्ते ठरवणाऱ्या सरकारी खात्याचाही पैसा होता. तिथे ‘बरा’ या शब्दावर घरभाडे आणि चूल अवलंबून असते.

त्या शब्दाचा अर्थच मध्ये बदलला गेला. शारीरिक क्षमतेच्या १०० गुणांच्या पट्टीवर ६५ किंवा कमी गुण असणाऱ्यांनाच चाचणीत घेतले होते. मूळ आराखड्यानुसार बरे ठरायला ८५ गुण लागत. नंतर ६० पुरेसे मानले गेले. ६५ वरून ६० वर घसरलेला रुग्णही या निकषात बसत होता! मूळ अट फार कडक होती, असे संशोधकांचे म्हणणे.

ही गफलत हेरली रुग्णांनीच. ऑस्ट्रेलियातील अलेम मॅथीस या रुग्णाने माहितीच्या अधिकारात आकडे मागितले. आकडे ज्याच्याकडे होते त्या विद्यापीठाने नकार दिला, प्रकरण लवादापुढे गेले आणि २०१६ मध्ये नावे वगळून आकडे देणे भाग पडले. मूळ निकष लावताच बरे झालेले उरले वर्तनोपचारात ७ टक्के, व्यायामात ४ टक्के. नुसते नेहमीचे वैद्यकीय उपचार घेणाऱ्यांत ३ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. २०२१ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने त्या व्यायामाची शिफारस काढून टाकली.

मधल्या दशकात किती जण व्यायामाच्या आग्रहाने अधिक खचले, याचा हिशेब कोण देणार?

हा प्रश्न आपलाही आहे. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. सिकलसेल आहे, एमई नाही. यादी उद्या वाढेल ती संशोधनाच्याच आधारे. म्हणून चाचणीचा आराखडा आखताना रुग्ण बैठकीत हवेत, निकष बदलला तर तो निकालाशेजारीच छापायला हवा आणि नावे वगळलेले आकडे मागणाऱ्याला कोर्टकचेरी करावी लागू नये.