फी नाही, पण खोलीचे काय?

जर्मनीची राजधानी बर्लिन. "तिथे शिक्षण फुकट आहे, शहर स्वस्त आहे, पोरीला बिनधास्त पाठवा," असे सांगणारे एजंट आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहेत. त्यांचे सांगणे निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे ते सांगत नाहीत, आणि घरावर कर्ज चढते ते त्या निम्म्यापायी. म्हणून आज आम्ही हा हिशेब पालकांपुढे मांडत आहोत.

आधी खरी बाजू. बर्लिनच्या सरकारी विद्यापीठांत पदवीला आणि बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांना शिकवणी फी नाही, परदेशी विद्यार्थ्यालाही नाही. दर सहा महिन्यांना तीनशे-साडेतीनशे युरोंच्या घरात वर्गणी भरावी लागते. तिच्यातच बस, ट्राम आणि लोकल गाडीचा पास येतो आणि तो देशभर चालतो. विद्यार्थ्यांच्या सरकारी खाणावळीत थोडक्या पैशांत गरम जेवण मिळते. जर्मनीत सगळीकडे असे नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो फी लावली आहे. बर्लिनने ती लावलेली नाही.

मात्र बर्लिनमध्ये खासगी संस्थाही पुष्कळ आहेत आणि त्यांची फी वर्षाला लाखो रुपये असते. एजंटाला पहिला प्रश्न हाच विचारा: संस्था सरकारी की खासगी? उत्तर द्यायला तो घुटमळला, तर तिथेच थांबा.

आता शहराची गोष्ट. बर्लिन स्वस्त होते, हे खोटे नाही. १९८९ साली भिंत पडली आणि १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाले. पूर्व भागातले लोक पोटापाण्यासाठी पश्चिमेकडे गेले, घरे ओस पडली. कोळशाच्या शेगडीवर खोली ऊबदार करायची, भाडे मात्र नाममात्र. विद्यार्थ्यांनी तिथे स्वस्तात दिवस काढले. पुढे शहराच्या तिजोरीत खडखडाट झाला, आणि २००४ साली सरकारने आपल्या मालकीची सुमारे ६५ हजार घरे एका व्यवहारात खासगी कंपन्यांना विकून टाकली. त्यानंतर भाडी चढत गेली. २०२० साली भाडेवाढ गोठवणारा कायदा आला, तो २०२१ च्या एप्रिलमध्ये घटना न्यायालयाने रद्द केला. त्याच वर्षी सप्टेंबरात लोकांनी बहुमताने कौल दिला की बड्या कंपन्यांची घरे समाजाच्या मालकीची करा. तो कौल अजून कागदावरच आहे. गिरणगावातल्या चाळींचे काय झाले हे ज्यांनी पाहिले, त्यांना याहून जास्त सांगायला नको.

आता पाटीवर आकडे मांडू. विद्यार्थी व्हिसासाठी जर्मन सरकार वर्षाला ११,९०४ युरो बंद खात्यात ठेवायला सांगते, म्हणजे बारा लाख रुपयांच्या पुढेमागे. ही फी नव्हे. पैसे आपल्याच मुलाचे असतात आणि दरमहा ९९२ युरो त्याला परत मिळतात. परंतु ते आधी उभे करावे लागतात, आणि कोणी व्याजाने दिले तर व्याज आपल्या डोक्यावर. या ९९२ मधून वाटून घेतलेल्या घरातली एक खोली सुमारे ६५० युरो खाते. आरोग्य विमा दीडशेच्या आसपास. उरले दोनशेहून कमी. त्यात जेवण, फोन, थंडीचे कपडे आणि सहामाहीची वर्गणी. महिना भागत नाही.

सरकारी वसतिगृहात खोली मिळाली तर भाडे बरेच उतरते आणि हिशेब जुळतो. तिथली प्रतीक्षा यादी मात्र लांब असते. म्हणून प्रवेश निश्चित होताच, त्याच आठवड्यात वसतिगृहाचा अर्ज करावा. खोली न पाहता अनामत पाठवू नये. कायद्याने अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही. राहायला गेल्यावर चौदा दिवसांत पत्ता नोंदवणे बंधनकारक आहे आणि त्यासाठी घरमालकाचा दाखला लागतो. "दाखला देणार नाही" म्हणणाऱ्याची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, पुढची सगळी कागदपत्रे त्यावरच अडतात.

"काम करून भागवेल" हा आणखी एक भरवसा दिला जातो. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे, आणि १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. पण जर्मन भाषा येत नसेल तर पहिले काही महिने काम मिळणे कठीण. तेव्हा भाषा इथूनच शिकून जावी, आणि पहिल्या सहा महिन्यांचा खर्च कामाच्या कमाईवर मांडू नये.

मार्ग आहेत. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. जागा ७५. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत असावे लागते. बर्लिनची तिन्ही मोठी विद्यापीठे अलीकडच्या याद्यांत त्यात बसली आहेत, पण यादी दरवर्षी बदलते, ती तपासावी. १ नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी गुणपत्रिकांच्या पडताळणीचे 'एपीएस' प्रमाणपत्रही लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम आधी हाती घ्यावे.

बर्लिनमध्ये आज जे स्वस्त उरले आहे, ते सारे सार्वजनिक आहे: विद्यापीठ, खाणावळ, पास, वसतिगृह. बाजारात गेलात की शहर महाग आहे. पालकांनो, मुलीची हिंमत मोडू नका, तिला जाऊ द्या. मात्र दागिने गहाण टाकण्याआधी तिला शेजारी बसवून वही उघडा आणि पहिल्या ओळीवर खोलीचे भाडे लिहा.